दुसऱ्या हाताचा एक्सरे

लहान मूल खेळताना पडलं, कोपर सुजलं, की डॉक्टर चिठ्ठीवर लिहीत, ‘दोन्ही कोपर’. मग माझ्या खिडकीशी भांडण ठरलेलं. “अहो बाई, दुखतोय उजवा, डाव्याचा कशाला?” आई हे बोलेपर्यंत पोरानं डावा हात पाठीमागे लपवलेला असायचा. महापालिकेच्या एका रुग्णालयात मी ३१ वर्षं एक्सरे काढले, आणि या प्रश्नाचं उत्तर किती वेळा दिलं त्याची मोजदाद नाही. लहान मुलांच्या हाडांची टोकं अजून कुर्चेची असतात. कुर्चा फिल्मवर उमटत नाही. त्यामुळे कोपराच्या फोटोत जागोजागी काळ्या फटी दिसतात, हाडाचे तुकडे सुटे झाल्यासारखे दिसतात. त्यातली वाढीची फट कुठली आणि पडल्याची कुठली, हे एका फोटोवरून भल्याभल्यांना सांगता येत नाही. म्हणून त्याच मुलाचा, त्याच वयाचा, न पडलेला हात. दोन्ही फिल्म व्ह्यू बॉक्सवर शेजारी शेजारी लावायच्या, आणि मग बघायचं.

“डाव्याला विचारल्याशिवाय उजव्याचं कळत नाही,” असं मी आयांना सांगायचे. पटायचं नाही कुणालाच. पण डावा हात पुढे यायचा.

१९९६ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी हे मी घरी सांगितलं. आम्ही वाकोल्याला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी पावटे सोलत होते आणि माझे सासरे, अण्णा, गॅलरीत आरामखुर्चीत बसले होते. अण्णा पार्ल्याच्या एका शाळेत संस्कृतचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर शिकवायला समोर कोणी उरलं नाही, तेव्हा मी उरले. माझं बोलणं ऐकून ते खुर्चीतच सरसावले. “अगं, तुझा डॉक्टर मीमांसक आहे की!”

मग गवयाची गोष्ट आली. गवय म्हणजे रानगाय. नैयायिक म्हणतात, गावातल्या माणसाला कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं की गवय गायीसारखा असतो. तो रानात जातो, तसं जनावर दिसतं, आणि त्याला उमजतं की हाच तो गवय. उपमान या प्रमाणानं त्याला कळलं ते रानातल्या नव्या जनावराचं नाव. मीमांसकांना हे मान्य नाही. त्यांचं म्हणणं, जनावर तर समोर उभं आहे, ते प्रत्यक्षानंच दिसतंय. उपमानानं कळतं ते निराळंच. रानात गवयाकडे बघताना घरच्या गोठ्यातली, या क्षणी नजरेआड असलेली आपली गाय आठवते, आणि ‘माझी गाय याच्यासारखी आहे’ असं त्या गायीविषयी काहीतरी नव्यानं कळतं.

“म्हणजे कळलं गोठ्यातल्या गायीबद्दल,” अण्णा म्हणाले, “पण कळलं कुठं? रानात.”

मी पावट्यांची परात उचलली आणि आत गेले. त्या वेळी यापेक्षा जास्त काही सुचलं नाही. अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती गाय माझ्याकडे परत आली ती फार उशिरा, आणि आली ती सूर्याच्या निमित्तानं.

अण्णा रोज सकाळी गॅलरीत उभे राहून सूर्याला अर्घ्य देत. गॅलरी पूर्वेला, कलिन्याच्या बाजूला. तांब्याच्या तांब्यातलं पाणी ओंजळीतून सोडायचं. खाली ताम्हन ठेवलेलं असे, पण अर्धं पाणी कठड्यावरून तळमजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जायचं, आणि खालून आवाज यायचा, “अण्णाऽऽ!” हाही त्या विधीचाच भाग झाला होता. रथसप्तमीला बोळक्यात दूध तापवून उतू घालायचे, तेही गॅलरीतच. त्यात एक गंमत अशी की अण्णा रत्नागिरीकडचे, टिळक पंचांग मानणारे. त्यामुळे आमच्या घरी तिळगूळ १० जानेवारीला वाटला जायचा आणि इमारतीतल्या बाकी सगळ्यांकडे १४ ला. एकच सूर्य आमच्या घरी चार दिवस आधी मकर राशीत जायचा. माझी मुलगी लहान असताना शाळेत भांडून आली होती, की आमचा सूर्य लवकर पोचतो.

अण्णा सूर्याला कर्मसाक्षी म्हणत. त्यांच्या मते साक्षीची मुख्य अट एकच. जो बघतो तो स्वतः बदलता कामा नये. घडतं ते त्याच्यासमोर, त्याच्यात नाही. सूर्य चिखलावरही पडतो आणि चंदनावरही, पण त्याला चिखल लागत नाही, वास लागत नाही. उपनिषदांपासून हा दृष्टांत चालत आला आहे आणि अण्णांना तो पुरेसा होता.

मला तो कधीच पुरेसा वाटला नाही, आणि त्याचं कारण माझ्या छातीवर टाचलेलं असायचं. एक्सरे विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाला एक लहानसा बॅज लावावा लागतो. आत दिसायला साध्या अशा चकत्या असतात. आपल्या अंगावर जेवढे किरण पडतात तेवढं त्या साठवून ठेवतात. दर तीन महिन्यांनी बॅज तपासायला जातो, चकत्या तापवतात, साठलेलं प्रकाशाच्या रूपानं बाहेर पडतं आणि त्यावरून आकडा काढतात. अण्णा त्याला ‘तुझा चित्रगुप्त’ म्हणत. मी शिशाचा एप्रन घालायची, पडद्याआड उभी राहून बटण दाबायची, दुसऱ्यांच्या बरगड्या बघायची. म्हणजे साक्षीच की. पण माझ्याही नावावर दर तिमाहीला काही ना काही लागत होतं. थोडं, धोक्याच्या फार खाली, पण शून्य नाही. बघणाऱ्याच्या अंगावर काहीच पडत नाही, हे एक्सरे खात्यातल्या माणसाला सांगू नये.

निवृत्तीनंतरच्या माझ्या नादाची सुरुवात २८ सप्टेंबर २०१५ ला झाली. त्या दिवशी श्रीहरिकोट्याहून ॲस्ट्रोसॅट हा उपग्रह वर गेला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात वाचलं की त्यावर क्ष-किरणांची एक दुर्बीण आहे आणि ती इथे मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली. सांताक्रूझहून चर्चगेटला लोकलनं जायचं आणि पुढे बसनं, एवढ्या अंतरावर. क्ष-किरणांची दुर्बीण! ३१ वर्षं मी ते किरण वापरले, पण त्यांना वळवून एका बिंदूत गोळा करता येतं हे मला ठाऊक नव्हतं. आरशावर सरळ पाडले तर ते परत फिरत नाहीत, आरशातच शिरतात. पण अगदी निसटत्या कोनानं पाडले तर ते घसरून पुढे जातात, तळ्यावर चपटा दगड मारला की टप्पे घेत जातो तसे. म्हणून त्या दुर्बिणीचा आरसा ताटासारखा नाही. सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्यांची नळकांडी एकात एक बसवलेली आहेत, आणि दोन मीटर मागे कॅमेरा आहे, उणे ८० अंशांच्या आसपास गार ठेवलेला.

तिथून मी वाचत सुटले. व्याख्यानांना जाऊन मागच्या रांगेत बसू लागले. पहिला धक्का सूर्याच्या फोटोनं दिला. आमच्या खात्यातला एक्सरे म्हणजे सावली. किरण आमच्या नळीतले, माणूस मधे उभा, हाडानं अडवलेली जागा पांढरी. सूर्याच्या एक्सरेत सावली नाहीच, तिथे तो स्वतःच उजळतो. आणि कोणता भाग उजळतो? आपण ज्याला सूर्य म्हणतो ते झगझगीत बिंब त्या फोटोत काळं असतं. साडेपाच हजार अंशांचा तो पृष्ठभाग क्ष-किरण देण्याइतका तापलेलाच नाही. उजळतो तो त्याच्याभोवतीचा विरळ वायू, प्रभामंडळ, ज्याचं तापमान दहा-वीस लाख अंशांच्या घरात असतं. चुलीपासून लांब जावं तसं गार व्हायला हवं, इथे उलटं. त्याची पुरती उकल अजून झालेली नाही.

दुसरा धक्का आकड्यांचा. पृथ्वीच्या अंतरावर दर चौरस मीटरला सूर्याकडून सुमारे १३६१ वॅट येतात. १९७८ पासून उपग्रह हे सलग मोजत आहेत. डागांच्या अकरा वर्षांच्या चक्रात हा आकडा हलतो तो हजारात एका भागाएवढा. अण्णांचा सूर्य हाच. पण याच सूर्याचे क्ष-किरण त्याच चक्रात दहापट आणि त्याहून जास्त कमी-अधिक होतात, आणि ज्वाला उसळली की काही मिनिटांत शंभरपट, हजारपट. एकूण तेजातला हा वाटा फार तर दहा लाखांत एक. म्हणजे आपल्या डोळ्यांना शांत, स्थितप्रज्ञ वाटणाऱ्या देवाचा दहा लाखावा हिस्सा असा आहे की तो घटकेत पेटतो आणि घटकेत विझतो.

अण्णा असते तर काय म्हणाले असते ते मला पाठ आहे. दृष्टांत एकदेशी असतो. मुख चंद्रासारखं म्हटलं म्हणून मुखावर डाग शोधायचे नसतात. साक्षीला सूर्याची उपमा दिली ती प्रकाशापुरती, बाकीचा सूर्य घरी ठेवायचा. मान्य. पण मग मी विचारते, एवढी हजार वर्षं ज्याच्याकडे तोंड करून पाणी सोडलं, तो फक्त एक देशच होता का? उरलेला कोण?

आता ती गाय. सूर्य एकच आहे आणि नीट मोजमाप करून त्याच्याकडे बघायला लागून चारेकशे वर्षं झाली. त्याचं वय ४६० कोटी वर्षं. एका माणसाच्या आयुष्यातली तीन-चार मिनिटं पाहायची आणि त्याच्या स्वभावाबद्दल बोलायचं, असला हा प्रकार. हा डाग नेहमीचा की आजाराचा? ही ज्वाला वाढीची फट की मोडल्याची? एकट्या फिल्मवरून कळत नाही. दुसरा हात हवा. सूर्याला दुसरा हात नाही, पण रानात गवय भरपूर आहेत.

खगोलशास्त्रज्ञांनी हेच केलं. १९७२ मध्ये अँड्र्यू स्कुमानिच यांनी एक छोटासा लेख लिहिला, दोनेक पानांचा. त्यात त्यांनी सूर्याला दोन तारकागुच्छांतल्या सूर्यासारख्या ताऱ्यांच्या रांगेत बसवलं. एक गुच्छ कृत्तिका, साधारण दहा-बारा कोटी वर्षं वयाचा. दुसरा रोहिणीभोवती दिसणारा व्ही आकाराचा, साठ-सत्तर कोटी वर्षांचा. कृत्तिकांतले सूर्यासारखे तारे काही दिवसांत स्वतःभोवती फिरतात, आपला सूर्य जवळजवळ महिना घेतो. वय वाढतं तसा तारा हळू फिरतो, आणि जितका हळू फिरेल तितकं त्याचं चुंबकत्व शांत होत जातं, आणि क्ष-किरणही. कृत्तिकांतले ते तरुण सूर्य आपल्या सूर्याच्या शंभरपट, काही त्याहूनही जास्त क्ष-किरण ओततात. जानेवारीच्या रात्री वाकोल्याच्या गच्चीवरून कृत्तिका जेमतेम एक धुरकट पुंजका दिसतात. पण ते आपल्या गोठ्यातल्या गायीचं वासरूपण आहे. पृथ्वीवर समुद्र नवे होते तेव्हा आपला साक्षी असा होता, संतापी.

मग मोजणी वाढली. केप्लर दुर्बिणीनं १२० दिवसांत सूर्यासारख्या ८३,००० ताऱ्यांवर नजर ठेवली. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी त्यातून १४८ ताऱ्यांवरच्या ३६५ महाज्वाला मोजून दाखवल्या. कशा मोजल्या? ताऱ्याचं तेज अर्ध्या अर्ध्या तासानं नोंदवायचं, आणि रेघ अचानक टोक काढून वर जाते का ते पाहायचं. आमच्या आयसीयूतला मॉनिटर आठवला मला. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी मोठी यादी आली. ५६,४५० तारे, त्यांतल्या २,५२७ वर २,८८९ महाज्वाला. हिशेब असा निघाला की सूर्यासारख्या ताऱ्यावर असली ज्वाला सरासरी शंभर वर्षांत एकदा उसळते. आपल्याकडे तर मोजायला लागल्यापासून एकही नाही. २०२० मध्ये आणखी एका गटानं ३६९ तारे घेतले, तापमान, वय, फिरण्याचा वेग सूर्यासारखा असलेले. त्यांचं तेज सूर्याच्या पाचपटीपर्यंत जास्त खालीवर होताना दिसलं. मग आपला सूर्य मुळातच शांत स्वभावाचा, की आपण त्याच्या एखाद्या शांत दुपारी जागे झालो आहोत?

इथे न्यायशास्त्र पुन्हा दारात उभं राहतं. गौतमाच्या न्यायसूत्रांत उपमानावर शंका घेतली आहे ती हीच: सारखं म्हणजे किती सारखं? पूर्ण सारखं असेल तर गायीसारखी गाय, त्यातून काय कळणार? बरंचसं सारखं म्हणाल तर बैलही चालेल. थोडंसंच म्हणाल तर कशालाही कशाचीही उपमा द्या. मोहरी आणि मेरू, दोन्ही ‘आहेत’ म्हणून सारखे! शास्त्रज्ञांची भांडणं मी वाचते तेव्हा मला हेच ऐकू येतं. ज्या ताऱ्याचं फिरणं आपल्याला मोजता येतं त्याच्यावर मोठे डाग असतात, म्हणून तर ते मोजता येतं. मग ज्याच्यावर मोठे डाग नाहीत असा खराखुरा सूर्यासारखा तारा आपल्या यादीतून आधीच गळला नाही कशावरून? आमच्या खिडकीवरही हे व्हायचं. डावा हात लहानपणी मोडून वाकडा जुळलेला असायचा, आणि आई सांगायची विसरलेली असायची.

सर्वांत जवळचा गवय मी देवगडला पाहिला. मे महिन्यात माहेरी गेले होते. रात्री नऊच्या पुढे दक्षिणेला समुद्रावर, अगदी खाली, दोन ठसठशीत तारे होते. नरतुरंगाचे ते पुढचे पाय. त्यातल्या जास्त तेजस्वी ताऱ्याला आपल्याकडे मित्र म्हणतात, दुसऱ्याला मित्रक. मित्र म्हणजे अल्फा सेंटॉरी, ४.४ प्रकाशवर्षांवर. दुर्बिणीतून तो एक नसून जोडी असल्याचं कळतं, आणि जोडीतला मोठा तारा जवळजवळ सूर्याचा भाऊच, थोडा जाड, थोडा जास्त तेजस्वी. अण्णा सूर्यनमस्कार घालताना बारा नावं घेत, त्यातलं पहिलं नाव मित्र. शेजारच्या सूर्याला हे नाव कोणी दिलं आणि काय मनात धरून दिलं असेल याचा विचार करत मी वाळूत बसून राहिले, डास चावेपर्यंत.

या मित्राला एकदा मूर्च्छा आली होती. २००३ पासून एक्सएमएम-न्यूटन ही युरोपची क्ष-किरण दुर्बीण त्याच्याकडे ठरावीक काळानं बघत होती. दोनेक वर्षांत त्या मोठ्या ताऱ्याचे क्ष-किरण मंदावत मंदावत जवळपास दिसेनासे झाले. सूर्याच्या भावाचं प्रभामंडळ विझलं की काय? मग २००७ मध्ये चंद्रा दुर्बिणीनं, आपल्या चंद्रशेखरांचं नाव असलेल्या, त्याचा वर्णपट काढला. तारा होता तिथेच होता. झालं होतं ते एवढंच की त्याच्या प्रभामंडळातला जास्त तापलेला भाग निवला होता, आणि दहा-पंधरा लाख अंशांचा भाग पूर्वीसारखाच चमकत होता. पहिल्या दुर्बिणीची नजर त्या मऊ किरणांना कमी पडत होती, इतकंच. मूर्च्छा आली होती, पण ती निम्मी ताऱ्याला आणि निम्मी यंत्राला.

सांताक्रूझच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. २६ जुलै २००५ ला आमच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच मुंबईत, त्याच दिवशी, कुलाब्याला ७३. मी त्या रात्री रुग्णालयात अडकले होते, जनरेटरवर एक मशीन चालू. वाकोला नाला रस्त्यावर आला होता, तळमजल्यावरच्यांना अण्णांनी आमच्या घरात घेतलं होतं, त्यातच रोज कपडे भिजतात म्हणून ओरडणाऱ्या काकू. दक्षिण मुंबईतली माझी नणंद दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली, “एवढा काही नव्हता गं पाऊस.” तिचंही खोटं नव्हतं. तिचं मापक कुलाब्याचं.

कुलाब्याचं मापक मात्र एकदा सगळ्या जगाच्या उपयोगी पडलं. तिथल्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवत. १८५९ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावरच्या डागांत एक पांढरी ज्वाला दिसली, आणि दुसऱ्या दिवशी कुलाब्याची चुंबकसूची अशी काही कोसळली की १४४ वर्षांनी, २००३ मध्ये, शास्त्रज्ञांनी त्या जुन्या वहीवरून त्या वादळाची ताकद काढली. सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण. केरो लक्ष्मण छत्रे, टिळकांचे गुरू केरूनाना, तरुणपणी याच वेधशाळेत काम करत होते. पुढे पुण्याला त्यांनी पंचांगशोधन केलं, आणि त्या गणिताच्या वाटेवरच पुढे टिळक पंचांग उभं राहिलं. म्हणजे आमच्या घरच्या १० जानेवारीच्या तिळगुळाचा धागा शेवटी एका मोजणाऱ्या माणसापर्यंत जातो. सूर्य देव आहे असं मानणाऱ्यांनीच तो नेमका कुठे आहे हे मोजायचा हट्ट धरला, आणि परंपरेचा सण चार दिवस सरकवला. अण्णांना यात काही विसंगत वाटत नव्हतं. मापानं भक्ती आटते म्हणणाऱ्यांना मी त्यांचं हे उदाहरण देते.

(कुलाब्याच्या चुंबकसूचीचा शेवट मुंबईकराला शोभेसा झाला. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहानं सूची थरथरणार, म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला नेलं. सूर्याचा क्षोभ ऐकायचा तर आधी ट्रामपासून लांब जावं लागलं.)

हे सगळं वाचूनही मी अर्घ्य देते. अण्णा गेल्यावर तांब्या तसाच कोनाड्यात पडला होता, एक दिवस उचलला. पण साक्षी हा शब्द मला आता वापरवत नाही. साक्षी म्हटला की तो वर आणि आपण खाली, त्याला काही होत नाही आणि आपलं सगळं लिहून होतं. मला दिसतो तो वेगळा. त्याला लहानपण होतं, अंगात रग होती. वयाबरोबर गिरकी मंदावली, डोकं थंड झालं, तरी अकरा अकरा वर्षांनी अजून उसळी येते. त्याच्यासारखे असंख्य आहेत, आणि त्यांच्याकडे बघितल्याशिवाय त्याचं काही कळत नाही, जसं माझं माझ्या बहिणीकडे बघितल्याशिवाय कळत नाही. अशाला मी मित्र म्हणते. यादीत हे नाव पहिलं आहे, मी काही नवं काढलेलं नाही. अण्णांनी यावर मला सोडलं नसतं. सगुण आणि निर्गुण यांची गल्लत करतेस म्हणाले असते, आणि बहुधा मी करतेच.

निवृत्तीच्या पैशांतून मी एक ६० मिलिमीटरची लहान दुर्बीण घेतली. तिच्यातून सूर्याकडे डोळा लावायचा नाही, कधीच नाही. प्रतिमा मागच्या पांढऱ्या कागदावर पाडायची आणि पेन्सिलीनं डाग टिपायचे. जितके समूह त्यांची दहापट, अधिक सुटे डाग, हा स्विस खगोलविद वोल्फ यांचा हिशेब. गच्चीवर कबुतरं आणि धूळ दोन्ही भरपूर. कागदावरचा ठिपका डाग आहे की धूळ हे ओळखायचं तर कागद थोडा सरकवायचा. धूळ कागदाबरोबर येते, डाग सूर्यापाशी थांबतो.

१० मे २०२४, अक्षय्य तृतीया. शेजारच्या मुलाला घेऊन मी गच्चीवर गेले. पश्चिमेकडच्या कडेकडे सरकलेला एक समूह असा होता की मोजता मोजता पेन्सिल थांबली. पृथ्वीच्या पंधरापट रुंद, त्या वर्षी ३६६४ हा क्रमांक मिळालेला. पोरानं विचारलं, “आजी, सूर्याला गोवर आलाय का?” त्या रात्री लडाखमधल्या हानले इथे आकाश लाल झालं. ध्रुवीय प्रकाश भारतातून कॅमेऱ्यांनी टिपला. वीस वर्षांतलं सर्वांत मोठं चुंबकीय वादळ होतं ते. जे क्षय पावत नाही त्याचा दिवस, आणि सूर्य आपल्या अंगचं कोट्यवधी टन उधळत होता.

दुसऱ्या दिवशी, ११ मेला, त्याच समूहातून आणखी एक ज्वाला उसळली. क्ष-किरणांच्या ज्वालांना ए, बी, सी, एम, एक्स अशा पायऱ्या आहेत, प्रत्येक आधीच्या दहापट. ही एक्स ५.८. तिचा कळस भारतीय वेळेनुसार सकाळी ६ वाजून ५३ मिनिटांनी. हे मला संध्याकाळी कळलं, आणि मी वेळ दोनदा ताडून पाहिली. कारण सातला पाच-सात मिनिटं असताना मी कुठे असते हे आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत आहे.

मी गॅलरीत होते. तांब्या हातात. बिंब कलिन्याच्या इमारतींवर हातभर आलेलं, मेच्या धुरकटात तांबूस, त्याच्याकडे थेट बघता येत नव्हतं तरी आठवतं तेवढं रोजच्यासारखंच. एक विमान उतरत होतं. वर, शंभरेक किलोमीटर उंचीवर, हवा ते सगळे क्ष-किरण अंगावर घेत होती. एवढा जाड एप्रन मला नोकरीत कधी मिळाला नाही. जुना बॅज छातीवर असता तरी त्यावर सूर्याच्या नावानं काही चढलं नसतं. मी ओंजळ सोडली, पाणी ताम्हनात पडलं, थोडं कठड्यावरून गेलं, आणि खालून काकूंची सून ओरडली, “आजीऽऽ, आत्ताच वाळत घातलेत!”